सतरावा नमुना

१

रोज सकाळी दात घासताना प्राध्यापक ऑरिन स्कोग मनातल्या मनात एकशेवीसपर्यंत मोजत. आयुष्यभर दातांवर संशोधन केलेल्या माणसाला ही सवय असायचीच. मात्र आरशात ते स्वतःच्या तोंडाकडे बघत नसत. कानाच्या पाळीकडे बघत, नाहीतर कपाळावरच्या डागाकडे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे दात कॉफीच्या जुन्या मगाच्या आतल्या बाजूसारखे झाले होते, आणि फोटो काढायची वेळ आली की ते ओठ घट्ट मिटून घेत.

त्या रविवारी त्यांची नात सोल्वे नाश्त्याला आली होती. पुढच्या शनिवारी तिचं लग्न. वडील नसल्यामुळे चर्चच्या मधल्या वाटेनं तिचा हात धरून आजोबाच तिला नेणार होते.

"आजोबा, तुमचा एक फोटो दाखवा, ज्यात तोंड उघडं आहे," ती म्हणाली.

"मी गंभीर माणूस आहे."

"स्वतःच्या लग्नातसुद्धा? आजीला बिचारीला दात आहेत की नाहीत तेही कळलं नसेल."

"तिनं आधी तपासून घेतले होते."

सोल्वे हसली. मग तिनं सांगून टाकलं, की दात पांढरे करून घ्यायला डॉक्टर ट्रूडीकडे दोघांची वेळ घेतली आहे. मंगळवारी त्यांची, गुरुवारी सकाळी नऊला तिची. प्राध्यापकांनी भुवया वर केल्या, तशी ती त्यांच्याच बशीतला टोस्ट उचलत म्हणाली, "मला जरा भीती वाटत होती, खरं सांगते. त्या औषधानं दातांवरचं इनॅमल कायमचं मऊ पडतं, असं काय काय लोक लिहितात. मग मी तुमचाच निबंध शोधून वाचला. एकोणीस जणांचे दात. औषधानं जरा मऊ झाले, आणि पंधरा दिवसांत एकोणीसच्या एकोणीस पुन्हा होते तसे कडक. खरं आहे ना?"

"खरं आहे," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. एकोणीस जणांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. फक्त माणसं वीस होती. विसांपैकी सतराव्या क्रमांकाचा दात पुन्हा कडक झालाच नाही, आणि तो त्यांनी निबंधातून काढून टाकला होता. चौतीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आता समोर बसून टोस्ट खाणाऱ्या या मुलीला तरी सांगायला हवी, असं त्यांना वाटलं. वाटलं, आणि त्यांनी तिच्यापुढे जॅमची बाटली सरकवली.

२

ट्रूडी त्यांची एके काळची विद्यार्थिनी. तिचा दवाखाना बंदराच्या उतारावर होता. खुर्चीत पडलं की खिडकीतून सरोवर दिसे. एप्रिल संपत आला तरी काठाला बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या.

"माझी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर आहे, म्हणून सगळं मीच करणार," ट्रूडी म्हणाली. "आणि आज तुम्ही बोलायचं नाही, सर. चार वर्षं मी ऐकलंय. आज माझी पाळी."

तिनं ओठ ताणून धरणारी प्लॅस्टिकची चौकट त्यांच्या तोंडात बसवली, हिरड्यांवर लेप लावून तो घट्ट केला, दातांवर औषधाचा थर दिला आणि दिवा समोर ओढला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्राध्यापकांनी डोळे मिटले.

पहिल्या फेरीत त्यांना एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक, 'टक्'. मग शांतता. मग पुन्हा 'टक्'. दिव्याचा असेल, त्यांना वाटलं. पण मोजायची सवय जात नाही. दोन आवाजांमध्ये पंधरा सेकंद होते, दर वेळी नेमके पंधरा. पाच वेळा झाला आणि थांबला.

त्यांच्या प्रयोगशाळेत असा आवाज करणारं एक यंत्र होतं. इनॅमलची कडकता मोजायचं. त्याचं हिऱ्याचं टोक दाताच्या घासलेल्या तुकड्यावर उतरायचं, पंधरा सेकंद दाबून धरायचं आणि उचललं जायचं. टक्. दातावर शंकरपाळ्याच्या आकाराचा लांबट खड्डा उरायचा. एका ओळीत असे पाच खड्डे. तो खड्डा इतका सूक्ष्म, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचा प्रश्नच नाही. खड्डा मोठा, तर इनॅमल मऊ.

तिसरी फेरी संपली. ट्रूडीनं शेड गाइड काढलं. रंग ताडून बघायला दाताच्या आकाराचे सोळा नमुने ओळीनं लावलेली पट्टी ती, पिवळट करड्यापासून शुभ्रापर्यंत. तिनं पट्टी त्यांच्या दातांशेजारी धरली, तसा प्राध्यापकांनी घशातून निषेधाचा आवाज काढला.

"कळलं, सर," ट्रूडी म्हणाली. "'सुकलेला दात खोटं बोलतो.' तासभर तोंड उघडं राहिलं की दातातलं पाणी उडतं आणि तो आहे त्याहून पांढरा दिसतो. खरा रंग दोन दिवसांनी, दात भिजल्यावर. याच प्रश्नावर तुम्ही माझे गुण कापले होते. पण लोकांना लगेच बघायचं असतं, काय करणार."

प्राध्यापक पट्टीकडे बघत होते. सवयीनं त्यांनी नमुने मोजले. सतरा भरले. पुन्हा मोजले. सतरा. सर्वांत शुभ्र नमुन्याच्या पलीकडे आणखी एक होता. तो शुभ्र नव्हता. खडूसारखा पांढरा होता, निस्तेज, जीव गेलेला. आणि त्याच्यावर बारीक शंकरपाळी होती, एका ओळीत पाच. नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

चौकट निघाल्याबरोबर त्यांनी विचारलं, "ही पट्टी नवी आहे?"

"छे. तुमच्याच प्रयोगशाळेतली. निवृत्त होताना तुम्ही सामान वाटलंत, तेव्हा मी मागून घेतली होती."

"किती नमुने आहेत तिच्यात?"

"सोळा," ट्रूडी हसून म्हणाली. "अजून परीक्षा घेताय होय?" आणि तिनं पट्टी डब्यात घालून झाकण लावलं.

परत मागून बघायला हवी होती. घरी जाताना त्यांना हे दहादा तरी वाटलं. पण मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

३

औषधानंतर दोन दिवस रंगाचं काही खायचं नसतं, पांढरंच खायचं. सोल्वेनं फोन करून बजावलं, तेव्हा ते म्हणाले, "उकडलेले बटाटे, मासा आणि पांढरा सॉस. आपल्या घराण्यात शंभर वर्षं दुसरं केलंय काय?"

"मग दात कसे असे झाले?"

"कॉफीनं. बटाट्यांचा दोष नाही."

पलीकडे ती मनापासून हसली, आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. तिला हसवणं सोपं होतं.

बुधवारी सकाळी दात घासताना त्यांनी पहिल्यांदा आरशात तोंडाकडे पाहिलं. दात आता भिजलेले होते. म्हणजे कालच्याहून थोडे पिवळट दिसायला हवे होते. ते कालच्याहून पांढरे होते. खिडकीतला उजेड बदलला असेल. सरोवरावर बर्फ आहे, त्याची चमक आत येते. त्यांनी पडदा ओढला, दिवा लावला, पुन्हा पाहिलं. ग्लासभर पाणी तोंडात धरून उभे राहिले, शंभर मोजले, पाणी थुंकून पुन्हा पाहिलं. ओल्या दातांवर चमक नव्हती. खडू भिजल्यावर दिसतो तसे ते दिसत होते.

टपालतिकिटं बघायचं भिंग त्यांनी आणलं. वरच्या पुढच्या डाव्या दातावर, मधोमध, पाच शंकरपाळी होती.

ते टबाच्या काठावर बसले. हे शक्य नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. तो खड्डा साध्या भिंगातून दिसत नाही. दिसतोय, याचा अर्थ हा तो खड्डा नाही. ओरखडा असेल. नाहीतर मोतीबिंदू असेल, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात तसं सांगितलं होतं. नाहीतर दिसण्याइतका मोठा झालेला तो खड्डाच असेल; म्हणजे हे इनॅमल इतकं मऊ पडलंय की तिथं आता इनॅमल म्हणावं असं काही नाही. तिन्ही शक्यता त्यांनी प्रामाणिकपणे तपासल्या. एवढा प्रामाणिकपणा वेळेवर सुचला असता तर, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

उठताना त्यांनी श्वास घेतला आणि दातांमधून गार वारा थेट डोक्यात शिरला. दार, खिडकी, सगळं बंद होतं. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

हात तसाच ठेवून त्यांनी आरशात पाहिलं. असा तोंडावर हात धरून बोलणारी एक बाई त्यांच्या ओळखीची होती.

४

व्हर्ना पेल्कोनेन त्यांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं कामाला होती. दात कापणं, राळेत बसवणं, घासून गुळगुळीत करणं, यंत्राखाली मोजणं, सगळं तिच्याकडे. चिमटा धरताना तिची करंगळी बाजूला ताणलेली असायची, चहाचा कप धरावा तशी. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही नमुना तुटला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. बाकी ती कशाचाच अभिमान धरत नसे.

वीस जणांच्या प्रयोगाला माणसं कमी पडत होती, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "माझा पुढचा एक दात काढायचाच आहे. तडा गेलाय. मला घ्या." तिचा क्रमांक सतरा. आधी तोंडात सगळ्या दातांना औषध लावलं, मग तो दात काढला, आणि तिनं स्वतःचाच दात स्वतःच्या यंत्राखाली ठेवला.

बुधवारी दुपारी प्राध्यापकांनी तळघरातून ते जुनं खोकं वर आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. झाकण निघताच ओव्याचा वास आला. दात ज्या पाण्यात ठेवत, त्यात कुजू नयेत म्हणून एक औषध घालत. त्याचा वास अगदी तसाच. वर नोंदवही होती. तिच्याखाली वीस छोट्या बाटल्या. एकोणीस कोरड्या ठणठणीत, तळाला दाताचा तुकडा. सतराव्या बाटलीत गळ्यापर्यंत स्वच्छ पाणी होतं. दात नव्हता.

चौतीस वर्षांत पाणी उडायला हवं होतं. बूच घट्ट असेल. त्यांनी बूच ओढून पाहिलं. ते सैल होतं.

नोंदवही त्यांनी उघडली नाही. आत काय आहे हे त्यांना पाठ होतं.

"सतरावा परत कडक होत नाहीये," व्हर्नानं सांगितलं होतं. निबंध पाठवायला चार दिवस उरले होते. "मी तीनदा मोजलं, सर. आणि माझे बाकीचे दातही बरे नाहीत. तोंड उघडलं की वारा आत येतो." हे ती तोंडावर हात धरून म्हणाली होती.

"दात मुळात खराब होता, व्हर्ना. तडा गेलेला."

"मग औषध न लागलेली त्याची मागची बाजू कडक कशी भरली?"

ते म्हणाले, "एका दातासाठी बाकीच्या एकोणिसांवर संशय येईल. नोंदवहीत लिहा, घासताना तुटला म्हणून."

"पण तुटला नाही."

"लिहा."

तिनं नोंदवही पुढे ओढली. मग तिनं लिहिलं, तिच्या त्या गोल, नीटस अक्षरात. त्यांनी सांगितलेलं नव्हतं असं एक वाक्यही तिनं पुढे जोडलं: 'चूक माझी.' वसंत ऋतूत तिनं नोकरी सोडली. ती कुठे गेली, जिवंत आहे का, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. चौकशी करणाऱ्याला तोंड दाखवावं लागतं.

त्यांनी सोल्वेला फोन लावला.

"तू उद्याचं राहू दे," ते म्हणाले. "लग्नानंतर कर."

"का? काही झालं का तुम्हाला?"

"नाही, मला काही नाही. असंच."

"आजोबा, असंच कसं? तुम्ही शास्त्रज्ञ माणूस. कारण द्या, मी लगेच रद्द करते."

ती थांबली होती. रद्द करते म्हणाली होती, आणि तिनं केलंही असतं. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी किंचित हललं. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला असेल. ऐकू मात्र आला नव्हता.

"काही नाही गं," प्राध्यापक स्कोग म्हणाले. "म्हातारपणी उगाच काळजी वाटते."

"वेडे आहात," ती मायेनं म्हणाली. "शनिवारी हसायचंय आपल्याला. दोघांनी."

५

गुरुवारी ते पावणेनऊलाच दवाखान्यात पोहोचले. रात्रभर त्यांनी वाक्य घडवलं होतं, खोडलं होतं, पुन्हा घडवलं होतं. शेवटी चारच शब्द उरले होते: सतरावा दात तुटला नव्हता. ते म्हटलं की बाकीचं आपोआप बाहेर येईल, अशी त्यांची समजूत होती.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. खुंटीवर सोल्वेचा कोट होता. ती लवकर आली होती. आतलं दार हातभर उघडं होतं आणि आतून ओव्याचा वास येत होता.

टक्.

ते दारापाशी गेले. फटीतून खुर्ची दिसत होती. सोल्वे डोळे मिटून पडली होती, तोंडात ती चौकट, दात सगळे उघडे. तिच्यावर पांढरा कोट घातलेली एक बाई वाकली होती, दाराकडे पाठ करून. ट्रूडी, ते मनात म्हणाले. कोपर वर उचललेलं होतं. चिमटा दिसत होता. करंगळी बाजूला ताणलेली होती.

सगळ्याच दंतवैद्यांचा हात असा होतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. तसं होत नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

टक्.

आता बोलायचं. चार शब्द. त्यांनी तोंड उघडलं, गार वारा आत शिरला, आणि तोंडावर हात गेला. हातामागे वाक्य तयार होतं. पण त्या मुलीसमोर, उजेडात, ते मोठ्यानं म्हणायचं होतं. आधी तिला बाहेर बोलवावं, खाली बसवावं, मग सांगावं, असं त्यांना वाटलं. नाहीतर आधी ट्रूडीला एकटीला. माणूस लाजेपायी किती शिष्टाचार पाळतो. ते उभे राहिले आणि नकळत मोजू लागले. अकरा. बारा. तेरा.

टक्.

आणखी एकदा. आणखी एकदा. पाच झाले. बाईनं हात खाली घेतला.

"अहो सर, तुम्ही इतक्या सकाळी?"

आवाज मागून आला. ट्रूडी बाहेरच्या दारात उभी होती, अंगावर जाड कोट, हातात गाडीच्या किल्ल्या. "माफ करा, साडेआठला उघडायचं होतं, उशीर झाला. जहाजासाठी पूल वर उचलला होता, वीस मिनिटं पलीकडेच अडकले. सोल्वे आली का? दार कुणी उघडलं?"

प्राध्यापकांनी वळून आत पाहिलं. खुर्चीत सोल्वे होती. दुसरं कुणी नव्हतं. खोलीला दुसरं दारही नव्हतं. पाळण्यासारखा हलणारा दिवा हळूहळू स्थिर होत होता, आणि ट्रेवर रंगाची पट्टी उघडी पडली होती. ती त्यांनी मोजली नाही.

सोल्वेनं स्वतःच तोंडातली चौकट काढली आणि उठून बसली. तिचा तळवा तोंडावर होता.

"खिडकी उघडी आहे का?" तिनं विचारलं. "वारा आत येतोय."

"बंद आहे गं," ट्रूडी म्हणाली. "पण तुला खुर्चीत कुणी—"

"सतरावा दात तुटला नव्हता," प्राध्यापक स्कोग म्हणाले.

ट्रूडीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ते खुर्चीजवळच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. वीस जण, एकोणीस जण, नोंदवही, ते गोल अक्षर, 'चूक माझी'. त्यांचा आवाज मध्येच बारीक होत होता आणि ते तो पुन्हा उचलत होते. नाव फक्त त्यांनी घेतलं नाही. 'माझ्याकडे एक बाई कामाला होती,' एवढंच म्हणाले. तिचं नाव उच्चारायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटलं नाही. ट्रूडीनं दोनदा प्रश्न विचारले. सोल्वेनं एकही विचारला नाही. हाताआडून ती त्यांच्याकडे बघत होती, बराच वेळ, पापणी न हलवता. तिचा राग त्यांना समजला असता. पण ती रागावलेली नव्हती. नोंद नीट लिहिली जाते आहे ना, हे बघणाऱ्या माणसासारखी ती बघत होती.

"मला म्हणायचंय ते इतकंच," ते शेवटी म्हणाले, "की मोजण्यात चूक असेल असं मी स्वतःला चौतीस वर्षं समजावत आलो."

"चूक नव्हती, आजोबा," सोल्वे हाताआडून हळूच म्हणाली. "व्हर्नानं तीनदा मोजलं होतं."

हात तिनं खाली घेतला नाही. तिची करंगळी बाजूला ताणलेली होती.